ज्वारी घरची, सोयाबीन बाजाराचं

परभणी जिल्ह्यात कापूस आणि तूर आहेच. पण शेतकऱ्याच्या घरातला हिशेब समजून घ्यायचा तर सोयाबीन आणि रब्बी ज्वारी शेजारी ठेवून पाहावी. सोयाबीन जूनच्या पावसावर पेरायचं, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढून मोंढ्यावर न्यायचं. त्यातून खता-बियाण्याची उधारी फिटते, मुलांची फी भरली जाते. ज्वारीतून घरची भाकरी निघते आणि जनावरांचा कडबा.

सोयाबीन मूळचं चीनकडचं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, आयोवा-इलिनॉयमध्ये ते मक्याच्या जोडीनं पसरलं. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्यानं पंतनगर आणि जबलपूर इथं त्यावर काम झालं, आणि तिथून ते मध्य भारतात रुजलं. अमेरिकेतही शेती कुटुंबच करतं, पण शेकडो एकरांवर आणि यंत्रांच्या बळावर. इथं जमीन काळी, कसदार. मात्र भावा-भावांत वाटण्या होत चार-पाच एकरांवर आलेली.

ज्वारी या जमिनीचा स्वभाव ओळखून वाढते. पावसाळ्यात वखराच्या पाळ्या देऊन रान तयार ठेवायचं आणि सप्टेंबरच्या मध्यापासून पेरायचं. पुढे पाऊस नसला तरी खोल मातीत मुरलेल्या ओलीवर ती उभी राहते. कणसं भरू लागली की पाखरं राखायला घरातलं कुणीतरी रानात असतंच. थंडीत हुरडा होतो, पाहुणेरावळे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. कणसं खुडली, मळणी झाली की कडब्याच्या पेंढ्यांची गंज रचली जाते. उन्हाळ्यात गोठा तिच्यावरच तगतो.

या पिकामागे परभणीची एक संस्था उभी आहे. १९५६ साली इथं कृषी महाविद्यालय निघालं आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छताखाली आणण्याची ही रीत अमेरिकेतल्या १८६२च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या कृषी महाविद्यालयांची. विद्यापीठाचं 'परभणी मोती' हे रब्बी ज्वारीचं वाण टपोऱ्या, चमकदार दाण्यासाठी ओळखलं जातं. २०१८ साली आलेल्या 'परभणी शक्ती'त लोह आणि जस्त जास्त आहे. ते इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्यानं तयार झालं.

वाणाचा खरा निकाल मात्र घरात लागतो. पीठ परातीत चांगलं मळलं जातं का, भाकरी थापताना चिरते का, हे बाई सांगते. कडबा जनावरं आवडीनं खातात का, हे गोठ्यात कळतं. म्हणूनच नुसतं एकरी उत्पादन वाढवणारं वाण इथं टिकत नाही.

तरीही ज्वारी मागे हटते आहे. काढणी कष्टाची, मजूर मिळत नाहीत. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, त्यामुळे कडब्याची घरची गरजही घटली. रेशनचा गहू-तांदूळ भाकरीच्या जागी आला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, पण कौतुकानं काढणीचा भार हलका होत नाही. कडबा शाबूत ठेवून ज्वारी काढणारं आणि चार एकरवाल्याला भाड्यानं परवडणारं यंत्र गावोगाव पोचलं पाहिजे. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षीही घरात भाकरी आणि दावणीला चारा असतो तो ज्वारीमुळे. ती टिकवण्यावर केलेला खर्च थेट शेतकऱ्याच्या कुटुंबावर केलेला खर्च आहे.