पुण्याची हॉटेले आणि तिथली बैठक

पुण्यात घराबाहेर खाण्यापिण्याची जी पद्धत आज रुजलेली दिसते, तिचे मूळ पुणेरी घरांच्या स्वयंपाकात शोधण्यापेक्षा, शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात येऊन राहिलेल्या आणि स्वतःची चूल नसलेल्या माणसांच्या गरजेत शोधणे अधिक उचित ठरते. या माणसांना खाऊ घालण्याचे कामही बऱ्याच अंशी परप्रांतांतून व परदेशातून आलेल्यांनीच केले. फर्ग्युसन महाविद्यालय 1885 मध्ये सुरू झाले, त्या काळात शहरात शिकणारे गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. वार लावणे म्हणजे आठवड्यातील प्रत्येक दिवसासाठी एकेक घर ठरवून घेऊन त्या दिवशी त्या घरी जेवायला जाणे. ज्यांना थोडेफार पैसे देणे शक्य होते त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या. महिन्याचे पैसे एकरकमी भरायचे, ठरलेल्या वेळी पंगतीत किंवा बाकावर बसायचे आणि जेवायला येणार नसल्यास तसे आधी कळवून ‘खाडा’ मांडायचा, म्हणजे तेवढ्या जेवणाचे पैसे हिशेबातून वजा होत, असा तिथला शिरस्ता होता. टिळक रस्त्यावरील बादशाही हे या परंपरेतील सर्वांच्या परिचयाचे नाव. लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाउस मात्र निराळ्या कारणाने प्रसिद्धीस आले. मूकपटांच्या काळातील चित्रपट दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते 1935 मध्ये सुरू केले आणि नाटक-चित्रपटांत धडपडणाऱ्या कलावंतांना तिथे जेवणाबरोबर आपुलकीही मिळत गेली.

पेठांतील चहाचा व्यवसाय प्रामुख्याने राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांच्या हाती राहिला, आणि त्यांच्या दुकानांना ‘अमृततुल्य’ हे नाव कायमचे चिकटले. या दुकानाची रचना ठरलेली असते. दर्शनी भागातच उंच ओटा असून त्यावर मालक किंवा चहा करणारा बसतो, समोर पितळी पातेले असते, आणि पाणी, दूध, साखर, चहापूड, कुटलेले आले व वेलदोडा हे सारे एकत्र उकळताना तो ते ओगराळ्याने सतत ढवळत राहतो व शेवटी फडक्यातून गाळतो. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत चहा होतो, ही या दुकानांची मोठीच जमेची बाजू होय. क्रीमरोल, खारी आणि पॅटिस यांच्यापलीकडे खाद्यपदार्थांची फारशी यादी तिथे नसते आणि ती असण्याचे कारणही नाही.

इराण्याचा चहा याहून वेगळा. तिथे चहाचा अर्क आणि आटवलेले दूध स्वतंत्रपणे तयार ठेवून कपात एकत्र करतात, त्यामुळे चहाला घट्टपणा आणि गोडसर चव येते. इराणमधून, विशेषतः यझ्द व त्याच्या परिसरातून, मुंबईमार्गे आलेल्या या व्यावसायिकांत जरथुष्ट्री होते तसे मुसलमानही होते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. डेक्कन जिमखान्यावरचे कॅफे गुडलक 1935 मध्ये सुरू झाले, आणि त्याची ओळख एवढी पक्की झाली की आजूबाजूचा चौकच गुडलक चौक म्हणून ओळखला जाऊ लागला. बन मस्का, ऑम्लेट-पाव, खिमा-पाव असे सहज परवडणारे पदार्थ तिथे मिळत गेले. परंतु इराणी हॉटेलने पुण्याला दिलेली खरी गोष्ट म्हणजे बैठक. एका कपावर तासभर बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवायचे नाही, एवढा एक नियम पाळल्यामुळे विद्यार्थी, वार्ताहर, नाट्यकर्मी, चळवळीतले कार्यकर्ते आणि निवृत्त नोकरदार यांना घर व कचेरी यांच्याखेरीज तिसरी हक्काची जागा मिळाली. पेठेतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार मित्रांनी मोठ्याने वाद घालावा अशी सोय नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या जागेचे मोल कळते. डेक्कनवरचेच ‘लकी’ बंद पडले तेव्हा अनेकांना जी हळहळ वाटली तिचे कारण चहाच्या चवीपेक्षा या गमावलेल्या जागेत अधिक होते.

हीच बैठक फर्ग्युसन रस्त्यावर दाक्षिणात्य रूपात आढळते. दक्षिण कन्नड भागातून पुण्यात आलेले जगन्नाथ शेट्टी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या हॉटेलांचा जम बसवला त्यांपैकी मद्रास हेल्थ होम हे पुढे ‘वैशाली’ झाले, आणि ‘रूपाली’ व ‘आम्रपाली’ ही भावंडेही त्याच रस्त्यावर नावारूपास आली. शेट्टी 2023 मध्ये निवर्तले, तेव्हा एखाद्या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकाला मिळावा तसा आदर शहराने त्यांना दिला. उडुपी पद्धतीचे स्वयंपाकघर, म्हणजे मूळ कृष्णमठाच्या परंपरेशी नाते सांगणारे शाकाहारी, इडली-डोसा-सांबाराचे स्वयंपाकघर, इथे पुण्याच्या सवयींना जुळवून घेत गेले; त्यामुळे डोशाइतकीच मागणी तिथे ‘एसपीडीपी’ला असते, जी शेव, बटाटा, दही आणि पुरी यांची चाट असून दक्षिणेशी तिचा काही संबंध नाही. मागच्या बाजूच्या झाडांखालच्या मंडपवजा जागेत सकाळी फिरून आलेल्या ज्येष्ठांचे ठरलेले गट बसतात, दुपारनंतर तीच टेबले विद्यार्थ्यांकडे जातात, आणि सुट्टीच्या दिवशी नाव नोंदवून बाहेर ताटकळत राहणे हेही पुणेकरांनी तक्रार न करता अंगवळणी पाडून घेतले आहे.

मिसळीविषयी पुण्यात जेवढा वाद होतो तेवढा कोल्हापुरातही क्वचितच होत असेल. नारायण पेठेतील बेडेकरांची मिसळ पावाऐवजी स्लाइस ब्रेडबरोबर मिळते आणि तिच्या रश्शाला गोडसर झाक असते. तिखटाचे भोक्ते तिला नाके मुरडतात, पण पेठेच्या आमटीच्या चवीशी तिचे नाते उघड आहे.

लष्कर भाग, म्हणजे कॅम्प, हे ब्रिटिश छावणीतून वाढलेले दुसरेच पुणे होय. पारशी, इराणी, बोहरी, गोवेकर आणि अँग्लो-इंडियन वस्तीमुळे तिथे मांसाहार आणि बेकरी यांना सुरुवातीपासून मान होता. दोराबजी हे 1878 पासूनचे पारशी उपाहारगृह आणि ईस्ट स्ट्रीटवरची 1955 मधील कयानी बेकरी ही त्याची साक्ष देतात. कयानीची श्रूजबेरी बिस्किटे पुण्याहून परगावी जाताना न्यावयाच्या वस्तूंत बाकरवडीच्या शेजारी जाऊन बसली. कोरेगाव पार्कात ओशो आश्रमामुळे आलेल्या परदेशी साधकांच्या आवडीनिवडींवर जर्मन बेकरी वाढली. 13 फेब्रुवारी 2010 च्या बॉम्बस्फोटात तिथे 17 जणांचा बळी गेला, आणि काही वर्षांनी ती पुन्हा उघडली तेव्हा जुनी गिऱ्हाइके परतली, ही शहराच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्र उभे राहिल्यावर बाणेर, बालेवाडी आणि औंध या भागांत नव्या कॅफेंची रांग लागली. तिथली कॉफी निगुतीने भाजलेली व काळजीपूर्वक केलेली असते, हे मान्य करायला हवे. तथापि तिथे बसण्याची किंमत त्या पेल्यातच मोजून घेतली जाते, आणि ज्या विद्यार्थ्यासाठी शहरात हॉटेले निघाली त्याच्या खिशाला ती झेपत नाही. जागेचे भाडे वाढले की टेबल लवकर रिकामे होणे मालकाची गरज ठरते, आणि मग चहावर रेंगाळणारा माणूस सर्वप्रथम नकोसा होतो. मोक्याच्या चौकांतील जुने इराणी एकामागून एक मिटले, त्याच्या मुळाशी हे गणितही आहे. कोथरूडमधील एमआयटीजवळचे दुर्गा कॅफे स्वस्त कोल्ड कॉफीच्या आधारावर विद्यार्थ्यांनी गजबजले, यावरून स्वस्तात बसता येईल अशा जागेची गरज अजून किती तीव्र आहे हे दिसते.

खानावळ मात्र मिटली नाही, कारण तिला नवे सभासद मिळाले. राज्यसेवा परीक्षांची तयारी करणारे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील तरुण सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतील खोल्या व अभ्यासिका भरून टाकतात, आणि त्यांच्यासाठी गल्लोगल्ली ‘मेस’ चालतात. 2020 च्या टाळेबंदीत हे विद्यार्थी गावी परतले तेव्हा यांतील अनेक मेसच्या चुली विझल्या, आणि ते परतल्यावरच त्या पुन्हा पेटल्या. महिन्याचे पैसे आणि खाडा ही व्यवस्था तशीच चालू असली, तरी ताट पालटले आहे. एकेकाळी वरण-भात, तूप आणि अळूच्या भाजीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पेठांत आता ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि झणझणीत शेवभाजी वाढली जाते, आणि रविवारी काही ठिकाणी कोंबडीचा रस्साही असतो.