दहशतवादविरोधी युद्ध : अर्थ आणि नीती

प्रस्तावना
मुंबई व पुणे यांना जोडणारा लोहमार्ग लोणावळा-मावळातून जातो. या मार्गाने नित्य ये-जा करणाऱ्या येथील नोकरदारांना व विद्यार्थ्यांना २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला किंवा १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील जर्मन बेकरीत झालेला स्फोट या दूरच्या घटना नव्हत्या. अशा वेळी ‘आता युद्धच हवे’ ही भावना स्वाभाविक असते. या ‘युद्ध’ शब्दाचा अर्थ तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

युद्धाचे दोन अर्थ
न्याय्य युद्धाच्या विचारात कारण आणि साधन या दोहोंची कसोटी लागते. सैनिक व निःशस्त्र नागरिक यांतील भेद दहशतवादी नाकारतो. म्हणून हेतू कोणताही असला तरी त्याचे कृत्य अनैतिक ठरते. मात्र हीच कसोटी प्रतिकार करणाऱ्या राज्यसंस्थेसही लागू होते. अमेरिकेने २००१ नंतर ‘दहशतवादविरोधी युद्ध’ पुकारले आणि ग्वांतानामो येथे अनेकांना खटल्याविना वर्षानुवर्षे डांबले. तेथे संशयित हा आरोपी न राहता शत्रू झाला.

भारतात चित्र वेगळे होते. तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या कलम १२१ नुसार सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे हा गुन्हा होता, म्हणजेच तो न्यायालयात सिद्ध करावा लागणारा आरोप होता. तुकाराम ओंबळे यांच्या बलिदानामुळे जिवंत हाती लागलेल्या अजमल कसाबवर हाच आरोप ठेवला गेला. त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागता आली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात त्याला फाशी झाली. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपी मात्र पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

जर्मन बेकरी खटला अधिक बोलका आहे. हिमायत बेग यास २०१३ मध्ये फाशीची शिक्षा झाली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्फोटाच्या कटाच्या आरोपातून मुक्त केले, स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप मात्र कायम ठेवली. अपिलाची पायरी नसती, तर ही दुरुस्ती अशक्य होती.

निष्कर्ष
हल्ला चालू असताना शस्त्रबळ हे राज्याचे कर्तव्यच आहे. हल्ला थांबल्यावर मात्र अपराधी कोण, हे क्रोधाने नव्हे तर पुराव्याने ठरावे. निरपराधास शिक्षा झाल्यास खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि मृतांनाही न्याय मिळत नाही. आपल्या शोकाकुल नागरिकांचा क्रोध समजून घेऊनही हा संयम पाळणे, यातच या युद्धाची नीती सामावलेली आहे.