‘गेम’ म्हणजे कोणाचा खेळ?

बुद्धिबळापासून मोबाइलवरील करमणुकीपर्यंत सर्व खेळांना इंग्रजीत ‘गेम’ हा एकच शब्द पुरतो. शाळकरी मुलालाही तो ठाऊक असतो. परंतु रानातल्या ज्या पशुपक्ष्यांची शिकार करायची, त्यांनाही इंग्रज ‘गेम’च म्हणतो, वाघ, गवा, हत्ती हे त्याचे ‘बिग गेम’. जिवंत प्राण्याला खेळाचे नाव पडले तरी कसे?

जुन्या इंग्रजीत ‘गामेन’ म्हणजे मौज, करमणूक. सरदार-उमरावांची आवडती मौज शिकार. म्हणून तेराव्या शतकाच्या अखेरीपासून मौजेचे नाव सावजालाच लागले. ही मौज कोणी करावी, हे पुढे कायद्यानेही ठरविले. इंग्लंडातील १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क मुख्यतः वर्षास शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता राखला. गरिबाने स्वतःच्या शेतात शिरलेला ससा मारला, तरी तो गुन्हेगार ठरू शकत असे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. ‘मृग’ म्हटले की आपल्यापुढे हरिण उभे राहते. पण मुळात हा शब्द कोणत्याही रानपशूचा. म्हणूनच सिंह हा ‘मृगेंद्र’ आणि वानर हा ‘शाखामृग’. गंमत अशी, की इंग्रजीतील ‘डिअर’चीही हीच कथा आहे. तोही पूर्वी कोणत्याही पशूस लागू होता; जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘टीर’ अजून त्याच अर्थाने नांदतो. दोन्हीकडे ज्याची शिकार फार, त्या हरणानेच सर्व पशूंचे नाव बळकावले.

‘शिकार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. साहेबानेही तो उचलला आणि ‘शिकारी’ म्हणून वाट दाखविणाऱ्या, माग काढणाऱ्या देशी माणसासही तो लावला. ‘पारध’ मात्र आपल्या घरची. प्राकृतात ‘पारद्धि’ आहे आणि संस्कृत कोशांत शिकारीला ‘पापर्द्धि’ म्हटले आहे. त्याची फोड ‘पापाची वाढ’ अशी होते. इंग्रजीने शिकारीत मौज पाहिली, तर संस्कृत कोशकाराने पाप. पण ज्याचे पोटच शिकारीवर चालते, त्याच्या दृष्टीने ती मौजही नव्हे आणि पापही नव्हे. ते त्याचे काम होय. पारध करणारा तो पारधी. फासे लावून तितर-लावे धरणारा तो फासेपारधी.

धानोऱ्याच्या श्रोत्यांना याचा दाखला दूर शोधावयास नको. १८२५ साली जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली. तो वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता, आणि भिल्लांचा विश्वास त्याने मिळविला तो बराचसा त्यांच्याबरोबर शिकार करूनच. रान भिल्लांचे, माग काढण्याची विद्याही त्यांची. पराक्रम मात्र साहेबाच्या नावे लिहिला गेला. पुढे १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलात नियमाबाहेर शिकार करणे हा गुन्हा झाला. परवाना घेऊन येणाऱ्याचा तो ‘गेम’ राहिला; पोटासाठी फासा लावणारा चोर ठरला.

पारध्यांच्या वाट्याला तर याहून वाईट आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती १९११ साली वाढली आणि मुंबई इलाख्यातील फासेपारधी त्याच्या कचाट्यात सापडले. माणसाने काय केले हे पाहण्यापूर्वी तो कोणत्या जातीत जन्मला हे पाहिले जाऊ लागले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण नावावरचा डाग कायद्याच्या कागदाबरोबर पुसला गेला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या हौशी शिकारीचेही दिवस संपविले. रानातले प्राणी राहावयाचे तर ही बंदी हवीच, असे आम्हांस वाटते. पण हौस बंद झाली त्याला दुसरा खेळ मिळाला. धंदा बंद झाला त्याला दुसरा धंदा सहजासहजी मिळाला नाही.

शब्दाचे मूळ शोधणे ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. ‘गेम’ हा शब्द बंदूक धरणाऱ्याच्या बाजूने बोलतो, हे कळले म्हणजे ‘पारधी’ हा शब्द कोणाच्या बाजूने बोलावयास हवा होता, हेही कळते. तो एका विद्येचे नाव आहे. शिवीसारखा तो उच्चारताना आपण निदान एकदा थांबावे, एवढेच आमचे मागणे.