हॉर्निमन सर्कल: मधली मोकळी जागा

इंटरव्ह्यू किंवा ट्रेनिंगच्या निमित्ताने मुंबईत फोर्टला गेलात, तर अर्धा तास हॉर्निमन सर्कलच्या बागेसाठी राखून ठेवा. सीएसएमटीहून चालत जाता येतं. मी दोनदा जाऊन आले. बाग छोटीशीच, पण आम्हा सिव्हिलवाल्यांना तिच्यात बघण्यासारखं भरपूर आहे.

या जागेचं जुनं नाव बॉम्बे ग्रीन. किल्ल्याच्या आतलं हे मैदान. इथे कापसाचे गठ्ठे पडलेले असायचे, पुढे पुढे कचराही साठू लागला. १८६० च्या दशकात पोलीस कमिशनर चार्ल्स फॉरजेट यांच्या कल्पनेतून इथे गोल चौक आखला गेला. म्युनिसिपालिटीने जमीन घेऊन कडेचे प्लॉट विकले, त्यात चांगला फायदाही झाला. पण मधला गोल विकला नाही! १८७२ मध्ये तिथे बाग तयार झाली. नाव पडलं एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं गेलं. भारतीयांची बाजू घेणाऱ्या या इंग्रज माणसाला १९१९ मध्ये सरकारने हद्दपार केलं होतं.

आता प्लॅन बघा. पूर्वेला टाउन हॉल (१८३३), त्याच्या त्या प्रसिद्ध तीस पायऱ्या. बाकीच्या बाजूंना गोलाईत वळलेल्या इमारती, खाली कमानींचा व्हरांडा. मग रस्ता, लोखंडी कुंपण, आणि आत झाडं.

आत गेल्यावर शांत वाटतं, ते का? झाडं आवाज अडवतात असं आपण म्हणतो, पण झाडांच्या दोन-चार रांगांनी फारसा फरक पडत नाही. सरळ रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो, आणि इथे तर रस्ता चारी बाजूंनी! म्हणजे मीटर लावला तर आकडा फार खाली जाणार नाही. पण गाड्या नजरेआड होतात, पानांची सळसळ आणि पाखरं ऐकू येतात, सावलीत गारवा असतो. त्यामुळे तोच हॉर्न कमी टोचतो.

जेवणाच्या सुट्टीत बाकांवर ऑफिसातले शिपाई, क्लार्क, कुरियरवाले डबा खाताना दिसतात. कोणी त्यांना उठवत नाही, कोणी बिल मागत नाही. फोर्टमध्ये असं फुकट बसायला मिळणं म्हणजे चैनच.

आपण उद्या ले-आउट काढू, तेव्हा क्लायंट म्हणेलच, "मधे एवढी जागा वाया का घालवता?" तेव्हा या गोलाचं उदाहरण द्यायचं. कडेचे प्लॉट विकून पैसा एकदाच मिळाला. मधली जागा मात्र दीडशे वर्षं रोज कामाला येतेय.