संपादक पुन्हा समोर आणणारे उपनाम : एक सूक्ष्म दोष

युनिक्स पद्धतीच्या संगणकावर प्रबंधाचे प्रकरण ‘विम’ या संपादकात लिहीत असता मध्येच शेलकडे वळण्याची गरज पडते. अशा वेळी संपादक बंद न करता कंट्रोल व झेड या कळा एकदम दाबून तो स्थगित करावा आणि ‘एफजी’ या आज्ञेने पूर्ववत् समोर आणावा, हा मार्ग सोयीचा होय. बर्कली येथे बिल जॉय यांनी रचलेल्या सी शेलमधून ही सोय व आज्ञांना उपनाम देण्याची सोय रूढ झाली. १९८९ मध्ये आलेल्या बॅशमध्येही दोन्ही आहेत.

अडचण विस्मरणाची आहे. स्थगित संपादक विसरून लेखक तीच फाइल पुन्हा उघडतो. विम इशारा देतो खरा; परंतु घाईत तो कोण वाचतो? मग एका प्रतीतील दुरुस्त्या दुसरीखाली पुसल्या जातात.

यावर पुष्कळजण ‘ई’ असे एक उपनाम करतात. त्याचा अर्थ : ‘एफजी %विम || विम’. ‘विम’ या अक्षरांनी सुरू होणारे स्थगित काम असल्यास ते समोर आणावे, नसल्यास नवा विम सुरू करावा, असा हेतू. प्रथमदर्शनी हे निर्दोष वाटते. तथापि दोन उभ्या रेघा ‘काम नसल्यास’ असे म्हणत नाहीत. ‘आधीची आज्ञा अयशस्वी झाल्यास’ असे म्हणतात. समोर आणलेला संपादक पुन्हा स्थगित केला की लिनक्सवर एफजीचा निष्पत्ति-अंक १४८ येतो, म्हणजे १२८ अधिक स्थगन-संकेताचा क्रमांक २०. शून्येतर अंक म्हणजे शेलच्या लेखी अपयश. परिणामी, जो दुसरा विम टाळावयाचा तोच तत्क्षणी उघडतो!

म्हणून ‘जॉब्स %विम’ या आज्ञेने आधी कामाचे अस्तित्व तपासावे व ‘इफ–देन–एल्स’ने फाटा काढावा, एफजीच्या निष्पत्तीवर काहीच अवलंबून ठेवू नये. हे उपनामात बसविता येते, पण फाइलचे नाव देताच मोडते. उपनाम ही निव्वळ शब्दांची अदलाबदल असल्याने ते नाव शेवटच्या ‘फाय’नंतर जाऊन पडते व शेल वाक्यरचनेची चूक दाखवितो. यास्तव बॅशमध्ये उपनामाऐवजी फंक्शन लिहावे. नाव दिले असता नवा विम, न दिले असता वरील तपासणी, अशी विभागणी प्रस्तुत लेखकास सोयीची वाटते.

मात्र दोन विम स्थगित असतील तर ‘%विम’ संदिग्ध ठरते, तपासणी फसते आणि तिसरा उघडतो. तेव्हा नुसते ‘जॉब्स’ म्हणून यादी पाहावी व हव्या त्या कामाचा क्रमांक एफजीस द्यावा.