एका पराभवात संपणारा हंगाम

मीरा-भाईंदर रोडवर, सिल्व्हर पार्कच्या आसपास वाढलेल्या मुलाला फुटबॉल भेटतो तो जाळीच्या आत. मित्र वर्गणी काढून तासाभरासाठी टर्फ घेतात, पाच-सहा जणांचे दोन संघ पाडतात आणि वेळ संपली की पुढच्या गटाला जागा देतात. हाच मुलगा पदवीच्या वर्गात गेला आणि जिमखान्याच्या ट्रायलमधून कॉलेजच्या संघात आला की त्याला अकरा जणांचा खेळ खेळावा लागतो. तो खेळ उमजायच्या आतच अनेकदा त्याचा हंगाम आटोपलेला असतो.

दोन्ही खेळांना फुटबॉलच म्हणतात, पण त्यांत फरक मोठा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याचं प्रचलित मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद, म्हणजे जवळपास पावणेदोन एकर. पाच जणांच्या फुटसालचं मैदान 40 बाय 20 मीटर. एका मोठ्या मैदानात अशी जवळजवळ नऊ मावतील. फुटसालमध्ये ऑफसाइड नाही, थ्रो-इनही नाही. रेषेबाहेर गेलेला चेंडू पायानंच आत आणतात. टर्फवर तयार झालेल्या मुलाचे पाय चपळ असतात, चिंचोळ्या जागेतून तो चेंडू सहज काढतो. पण चौघा बचावपटूंनी एका ओळीत पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये कसं पकडायचं, तीस-चाळीस मीटरचा पास कधी द्यायचा, चेंडू जवळ नसताना कुठे उभं राहायचं, हे तो शिकणार कुठे? ते मोठ्या मैदानावर, सामने खेळूनच अंगवळणी पडतं.

आणि सामनेच कमी पडतात. जून-जुलैत प्रवेश, पाठोपाठ ट्रायल, पात्रतेचे फॉर्म, मग पावसाळी चिखलात सराव. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागाच्या स्पर्धेत उतरतो आणि तिथे टिकला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत. पुरुषांसाठी तिथला मान सर आशुतोष मुखर्जी करंडकाचा. मधे सत्र परीक्षा, कुणाची केटी म्हणजे राहिलेल्या विषयाची फेरपरीक्षा. वेळ वाचवायचा सोपा मार्ग म्हणून बाद पद्धत येते.

या पद्धतीचं गणित निष्ठुर आहे. 64 संघ उतरले तर विजेता ठरवायला 63 सामने पुरतात. मात्र त्यातले 32 संघ एकेक सामना खेळून घरी जातात. ज्यांना सामन्यांची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ते सर्वांत कमी मिळतात. पहिल्याच दिवशी गतविजेत्यांशी गाठ पडली की वर्षभराची मेहनत दीड तासात संपली.

अमेरिकेत कॉलेजचं फुटबॉल म्हणजे हातात लंबगोल चेंडू घेऊन पळायचा वेगळाच खेळ, पण त्याच्या हंगामाची रचना पाहण्यासारखी आहे. तिथल्या वरच्या श्रेणीतल्या संघाला साधारण 12 सामने ठरलेले असतात. पहिला हरला तरी अकरा उरतात, आणि चूक सुधारायला पुढचा शनिवार असतो. इतकं दूर जायचीही गरज नाही. कोल्हापुरात पेठांचे आणि तालमींचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर आधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग खेळतात, बाद पद्धतीच्या स्पर्धा त्यानंतर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा तालीम यांची मुलं हरूनही पुन्हा मैदानात उतरतात आणि गाव त्यांना पाहायला येतो. 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. फुटबॉल मुरायला असं वातावरण लागतं, आणि ते लीगनं तयार होतं असं माझं ठाम मत आहे.

मुंबईला या खेळाचा वारसा कमी नाही. रोव्हर्स कप इथे 1891 मध्ये सुरू झाला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल एकट्यानं मारणारे नेव्हिल डिसोझा मुंबईचेच खेळाडू. वांद्र्याच्या मैदानाला त्यांचं नाव आहे. पण कूपरेजचं मैदान असो वा वांद्र्याचं, मीरा रोडच्या मुलानं तिथे पोचायचं म्हणजे किट खांद्यावर टाकून विरार लोकलच्या गर्दीत घुसायचं. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर होती. भाईंदर पश्चिमेला नेताजी सुभाषचंद्र बोस मैदान आहे. एवढ्या शहराची भूक एका मैदानानं भागत नाही.

नवी मैदानं मिळायला वर्षं लागतील, त्यासाठी भांडत राहायला हवंच. हंगामाची रचना मात्र पुढच्या जूनपासून बदलता येईल. विद्यापीठाच्या क्रीडा विभागानं आंतरमहाविद्यालयीन फेरीत चार-चार संघांचे गट पाडावेत. 64 संघांचे 16 गट होतील, गटांचे 96 सामने खेळवावे लागतील आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील. त्यासाठी महापालिकेनं आठवड्यातल्या दोन सकाळी मैदान कॉलेजांना राखून द्यावं, आणि प्राचार्यांनी त्या दिवशीची हजेरी माफ करावी.