शिशाची पेटी

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड असा शिशाचा पत्रा उचलून बघा. पावणेतेवीस किलोच्या आसपास भरतो, पण वजनापेक्षा त्याचा लुळेपणा जास्त जाणवतो. दोघांनी दोन टोकं धरली तरी मधे ओल्या गोधडीसारखा लोंबतो. नखाने ओरखडा पडतो, पत्र्याच्या कात्रीने कापला जातो. उभा नुसता खिळ्यांवर टांगला, तर काही वर्षांत स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतो आणि वरच्या कडेला फट पडते. एक्स-रे अडवायला मात्र परवडणाऱ्या धातूंत याच्या तोडीचा दुसरा नाही.

पुणे-नगर रस्त्यावर महागणपतीमुळे आधीपासून ठाऊक असलेलं रांजणगाव आता मोटारी, फ्रिज आणि सुट्ट्या भागांच्या कारखान्यांचं गाव झालं आहे. ॲल्युमिनियमच्या ओतकामात हवेचा बुडबुडा राहिला, कामगारांच्या भाषेत ‘ब्लो होल’ राहिलं, तर ते बाहेरून दिसत नाही. सर्किट बोर्डावरच्या चिपखालचं डाखही दिसत नाही. दोन्ही ठिकाणी एक्स-रे लागतो. पण ते यंत्र बनवताना किंवा दुरुस्त केल्यावर तपासायचं तर ट्यूब चालू करावीच लागते, आणि ती उघड्या शेडमध्ये करता येत नाही. अशा लहान कामासाठी स्वस्तात, तरीही निर्धास्त राहता येईल अशी बंदिस्त जागा कशी करायची, एवढाच इथला विषय.

कल्पना जुनी आहे. राँटगेनला 1895 साली हे किरण सापडले, आणि सुरुवातीची काही वर्षं लोक ट्यूबसमोर बिनधास्त हात धरत. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली त्यातूनच आधी हात आणि मग 1904 साली जीव गमावून बसला. त्याच सुमारास बोस्टनचा दंतवैद्य विल्यम रोलिन्स गिनीपिगवर प्रयोग करून सांगत होता, की ट्यूब किरण न झिरपणाऱ्या पेटीत ठेवा. फार थोड्यांनी ऐकलं. आजची प्रत्येक शिशाची पेटी त्या माणसाचं देणं लागते.

आता हिशेब. 150 किलोव्होल्टच्या किरणांना दहापट कमी करायला साधारण 1 मिलिमीटर शिसं लागतं. त्याच कामाला काँक्रीट लागतं 7.4 सेंटिमीटर. तीव्रता लाखपट खाली आणायची तर 5 मिलिमीटर शिसं किंवा 37 सेंटिमीटर काँक्रीट. 300 किलोव्होल्टला हेच आकडे 24 मिलिमीटर आणि 52 सेंटिमीटर होतात. म्हणजे व्होल्टेज दुप्पट झाल्यावर काँक्रीट दीडपटही वाढलं नाही, शिसं मात्र जवळजवळ पाचपट. कारण कमी ऊर्जेचे किरण शिशाचा जड अणू अक्षरशः गिळून टाकतो. ऊर्जा वाढली की गिळणं कमी होतं आणि विखुरणं वाढतं, तिथे अणूचा जडपणा तितका कामाला येत नाही. म्हणून 150-160 किलोव्होल्टपर्यंत शिशाची पेटी आणि 300 च्या घरात काँक्रीटची खोली, हा बहुतेक वेळा शहाणा सौदा.

पैसे खरे वाचतात ते आकारात. एक मीटरच्या चौकोनी पेटीला सहा चौरस मीटर पत्रा लागतो. सगळीकडे 5 मिलिमीटर धरला तरी 340 किलो. तीन मीटरची खोली याच जाडीने मढवायची तर तीन टनांवर जाते. माणसाला आत जायचं नसेल, तर खोली बांधूच नये असं माझं मत आहे. दुसरी बचत किरणांच्या दिशेत. झोत आवळून खाली वळवला आणि ट्यूब दुसरीकडे फिरूच शकणार नाही अशी लोखंडात जखडली, की सगळ्यात जाड पत्रा फक्त तळाला लागतो. वस्तूला आपटून विखुरलेले किरण एक मीटरवर मूळ झोताच्या हजाराव्या हिश्शाइतके उरतात. बाकी बाजूंना ते आणि ट्यूबच्या कवचातून झिरपणारे तेवढे अडवायचे असतात.

भिंतीची जाडी कागदावर निघते. पेटी फसते ती जोडावर. दोन पत्रे टोकाला टोक लावून ठेवले की मधल्या केसाएवढ्या फटीतून किरण सरळ बाहेर. म्हणून पत्र्यावर पत्रा चढवायचा, कोपऱ्यात वळवून घ्यायचा. पत्रा लोखंडी चादरीला किंवा प्लायला चिकटवून दोन थरांत धरायचा, म्हणजे ओघळणार नाही. जिथे स्क्रू शिशातून आरपार गेला, त्याच्या डोक्यावर शिशाची टिकली. दार चौकटीवर फटीच्या कितीतरी पट पुढे यायला हवं, आणि बिजागरी ते वजन रोज पेलणारी हवी. दार दोन मिलिमीटर उतरलं की सगळा हिशेब उतरला. केबलचं भोक सरळ पाडायचं नाही. किरणांना वळण घेता येत नाही, केबलला येतं. तिला दोन वळणं देऊन बाहेर काढायचं. काटकसर करायची तर पत्र्यात करा, दारात नको.

एक्स-रे ट्यूबचा मोठा गुण म्हणजे बटण बंद केलं की किरण बंद. रेडिओग्राफीतलं इरिडियम किंवा कोबाल्ट बंद होत नाही. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्टने एकाचा बळी घेतला. ट्यूबच्या या गुणाचा फायदा मिळतो तो दारावरच्या स्विचमुळे: दार जरा उघडलं की हाय व्होल्टेज तुटलं पाहिजे. स्विच दोन हवेत, वेगवेगळे, आणि वायर तुटली तरी यंत्र बंदच होईल असे जोडलेले. ‘टेस्टिंगपुरता’ स्विचला तारेचा तुकडा लावून बायपास करणं हा गुन्हा समजावा.

हे सगळं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या कक्षेत येतं; 1983 साली स्थापन झालेल्या या मंडळाचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. किरणांच्या मात्रेची मर्यादा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट, एका वर्षात कधीही 30 च्या वर नाही. बाहेरच्या माणसाला वर्षाला 1. शेजारच्या टेबलावर वर्षाचे दोन हजार तास बसणाऱ्या स्टोअरकीपरसाठी याचा अर्थ ताशी अर्धा मायक्रोसीव्हर्ट. मंडळाच्या परवानगीशिवाय ट्यूब चालवायची नाही, आणि काम करणाऱ्याच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज हवाच.

पेटी बनवणाऱ्यांची काळजी मात्र बहुधा कुणी करत नाही. शिसं कापताना, घासताना धूळ उडते आणि ती किरणांइतकीच गुपचूप शरीरात जाते. हातमोजे, मास्क, कापलेल्या कडांना रंग. जेवणाआधी आणि तंबाखू मळण्याआधी साबणाने हात धुणं. घरी लहान मूल असेल तर कामाचे कपडे कारखान्यातच ठेवा.

शेवटी मीटर. पूर्ण व्होल्टेजवर, झोतात विखुरणारी वस्तू ठेवून, प्रत्येक जोड, बिजागरी, केबल आणि तळ हळूहळू फिरून तपासायचा. साधा गायगर मीटर फार तीव्र किरणांत गुदमरून शून्यही दाखवू शकतो, म्हणून आयन चेंबरचा मीटर मागवा. आणि पेटी एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हायड्रा क्रेनने उचलून नेली, तर पहिल्यांदा ट्यूब लावाल तेव्हा हीच फेरी पुन्हा मारा.